व्यसनमुक्ती : उपचारांची वाट

प्रस्तावना

दारू किंवा अमली पदार्थ यांच्या आहारी गेलेल्या माणसाविषयी समाजात साधारणपणे दोन प्रकारची मते आढळतात. ‘मनात आणले तर तो उद्या सोडील’ हे एक मत आणि ‘तो आता सुधारणे शक्यच नाही’ हे दुसरे. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचा परिणाम एकच होतो; तो म्हणजे त्या माणसाला उपचारांसाठी कोणी नेत नाही. पहिल्या मताप्रमाणे उपचारांची गरज नसते आणि दुसऱ्या मताप्रमाणे त्यांचा उपयोग नसतो.

वस्तुस्थिती या दोन्ही मतांहून निराळी आहे. व्यसनाधीनता हा शरीर, मन आणि कुटुंब या तिन्हींना ग्रासणारा आजार आहे. त्यावर उपचार उपलब्ध आहेत आणि ते घेऊन असंख्य माणसे पुन्हा कामाला लागली आहेत. हे उपचार कसे असतात, ते कोठे मिळतात, त्यांत कोणते धोके टाळावे लागतात आणि कुटुंबीयांचे कर्तव्य कोणते, याचा परिचय या पाठात करून दिला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर विद्यार्थी –
• व्यसनाधीनता हा आजार का मानला जातो, हे सांगू शकतील;
• उपचारांचे टप्पे क्रमाने स्पष्ट करू शकतील;
• दारू एकाएकी बंद करण्यातील आणि नकळत औषध देण्यातील धोके ओळखू शकतील;
• रुग्णाचे कायदेशीर हक्क आणि मदतीची ठिकाणे सांगू शकतील;
• पाठातील सामासिक शब्द व वाक्प्रचार यांचा योग्य उपयोग करू शकतील.

मूळ पाठ

१. दोष की आजार?

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे म्हणतात. व्यसनाचे दुखणे मात्र येतानाही मुंगीच्याच पावलांनी येते. मित्रांच्या आग्रहाने घेतलेला पहिला घोट, दिवसभराच्या कष्टांनंतर अंग हलके व्हावे म्हणून घेतलेला पेला, दुःख विसरण्यासाठी ओढलेला झुरका, अशी त्याची सुरुवात असते. त्या वेळी कोणालाही आपण व्यसनी होऊ असे वाटत नाही.

मेंदूमध्ये आनंदाची जाणीव करून देणारी एक यंत्रणा असते. आवडीचे जेवण, आपल्या माणसांची भेट, कामातील यश यांनी ती जागृत होते. दारू आणि अमली पदार्थ हीच यंत्रणा कृत्रिम रीतीने व अधिक तीव्रतेने उत्तेजित करतात. पुनःपुन्हा असे घडत गेले की मेंदू त्या पदार्थाच्या उपस्थितीशी जुळवून घेतो. मग पूर्वीइतकाच परिणाम होण्यासाठी अधिक मात्रा लागते. पुढे पदार्थ मिळाला नाही तर शरीर तक्रार करू लागते. हात कापतात, झोप उडते, जीव कासावीस होतो. या अवस्थेला पोहोचलेला माणूस आनंदासाठी पीत नाही. त्रास थांबावा म्हणून पितो. इतर सर्व गोष्टींतील त्याचा रस आटतो आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही त्याला थांबता येत नाही.

पहिला घोट घेणे हे माणसाच्या इच्छेवर अवलंबून असते, हे खरे आहे. परंतु आजार जडल्यानंतर केवळ इच्छाशक्तीच्या बळावर तो दूर करावा, अशी अपेक्षा मधुमेहाच्या रुग्णाकडून कोणी करीत नाही. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५६ मध्ये मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली. भारतातही मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला आहे. आजार म्हटल्याने रुग्णाची जबाबदारी संपत नाही. आजार जडणे त्याच्या हाती राहिले नसले, तरी उपचार स्वीकारणे त्याच्या हाती असते.

२. आजाराची ओळख

मद्यपानाचे रूपांतर आजारात झाले आहे की नाही, हे पाहण्यासाठी जगभरातील डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात :

(अ) आपण पिणे कमी केले पाहिजे, असे कधी वाटले आहे का?
(आ) पिण्यावरून कोणी बोलल्यास राग आला आहे का?
(इ) पिण्याबद्दल मनात अपराधी भावना निर्माण झाली आहे का?
(ई) सकाळी उठताच हात स्थिर व्हावेत किंवा उतार पडावा म्हणून प्यावे लागले आहे का?

यांपैकी दोन किंवा अधिक प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. या प्रश्नांवरून निदान निश्चित होत नाही; परंतु वैद्यकीय तपासणीची गरज आहे, हे निश्चितपणे कळते.

असा सल्ला घेणाऱ्यांची संख्या मात्र अत्यल्प आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मद्याच्या घातक वापरामुळे मदतीची गरज आहे. मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एका व्यक्तीला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाल्याचे या सर्वेक्षणात आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारी व्यक्ती तर दर १८० मध्ये एकच होती.

पाठगत प्रश्न १

(१) व्यसनाविषयीच्या दोन प्रचलित मतांचा परिणाम एकच का होतो?
(२) व्यसन जडल्यावर माणूस ‘आनंदासाठी पीत नाही’ असे पाठात का म्हटले आहे?
(३) रिकाम्या जागा भरा : मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर ______ व्यक्तींपैकी एका व्यक्तीला उपचार मिळतो.

३. पहिला टप्पा : शरीराची शुद्धी

उपचारांच्या पहिल्या टप्प्यास निर्विषीकरण म्हणतात. शरीरातील मादक पदार्थाचा अंमल डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुरक्षितपणे उतरविणे हा त्याचा हेतू असतो. सामान्यतः यास एक ते दोन आठवडे लागतात.

या टप्प्याविषयी एक गंभीर गैरसमज रूढ आहे. घरातील माणसे रुग्णाला खोलीत कोंडून ठेवतात आणि ‘चार दिवस मिळाली नाही की आपोआप सुटेल’ असे म्हणतात. अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा उपाय जिवावर बेतू शकतो. दारू बंद झाल्यावर साधारण ६ ते १२ तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, मळमळते आणि अस्वस्थता वाढते. पहिल्या दोन दिवसांत काही रुग्णांना झटके, म्हणजेच फिट, येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊ लागतो. नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, काळवेळाचे भान सुटते, ताप चढतो. ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते. लोक तिला पुष्कळदा बाहेरची बाधा समजतात आणि रुग्णालयाऐवजी मांत्रिकाकडे धाव घेतात. वस्तुतः ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ असते.

रुग्णालयात अशा रुग्णाला मेंदू शांत ठेवणारी औषधे दिली जातात आणि त्यांची मात्रा दिवसागणिक कमी केली जाते. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांच्या शरीरात ‘ब-१’ या जीवनसत्त्वाची उणीव असते. ती भरून न काढल्यास स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून हे जीवनसत्त्व आरंभीच दिले जाते. ही औषधे डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेणे मात्र धोक्याचे असते, कारण त्यांचीही सवय लागू शकते.

गर्द, अफू यांसारख्या पदार्थांचे व्यसन सुटताना होणारा त्रास वेगळा असतो. अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, झोप लागत नाही. हा त्रास असह्य असला तरी औषधांनी तो बराच सुसह्य करता येतो. येथे खरा धोका पुढे असतो. काही आठवडे पदार्थ बंद राहिल्यावर शरीराची तो सोसण्याची क्षमता घटते. अशा वेळी मोह होऊन जुन्याच मात्रेत पुन्हा पदार्थ घेतला गेला, तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. म्हणून या रुग्णांपैकी अनेकांना ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे डॉक्टरांच्या नियंत्रणाखाली दीर्घकाळ दिली जातात. हे ‘एका व्यसनाऐवजी दुसरे व्यसन’ नव्हे. नियमित आणि मोजून दिलेल्या औषधामुळे रुग्णाची ओढ शमते, त्याचे आयुष्य स्थिरावते आणि मृत्यूचा धोका कमी होतो.

४. नकळत दिले जाणारे औषध

‘पिणाऱ्याला नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर व वृत्तपत्रांत आढळतात. नवऱ्याच्या पिण्याने गांजलेली स्त्री अशा जाहिरातीला भुलली, तर तिला दोष देता येणार नाही. परंतु या मार्गातील धोका समजून घेतला पाहिजे.

डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. दारूचे शरीरात विघटन होत असताना एक विषारी द्रव्य तयार होते व पुढे त्याचाही निचरा होतो. हे औषध त्या निचऱ्यास अडथळा आणते. त्यामुळे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब घसरतो. या त्रासाच्या भीतीने रुग्ण दारूपासून दूर राहतो. ज्याला हे सर्व समजावून सांगितले आहे, ज्याची प्रकृती तपासली आहे आणि ज्याने स्वतः संमती दिली आहे, अशा रुग्णाला या औषधाचा उपयोग होतो. तेच औषध आमटीत किंवा चहात मिसळून गुपचूप दिल्यास रुग्ण नेहमीप्रमाणे दारू पितो आणि त्याच्या जिवाला अपाय होऊ शकतो. शेवटची गोळी घेतल्यानंतरही या औषधाचा परिणाम सुमारे दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. शिवाय फसवणूक उघडकीस आली की रुग्णाचा घरच्या माणसांवरील उरलासुरला विश्वासही नाहीसा होतो. व्यसनमुक्तीची सुरुवात रुग्णाच्या संमतीने व्हावी लागते. त्याला अंधारात ठेवून ती होत नाही.

ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट ही औषधेही आज उपलब्ध आहेत. कोणते औषध कोणास द्यावे, हे यकृत, मूत्रपिंड व हृदय यांची तपासणी करून डॉक्टरच ठरवितात.

५. दुसरा टप्पा : मनाची बांधणी

शरीरातून दारू गेली म्हणजे मनातून ती गेली, असे होत नाही. केवळ निर्विषीकरण करून घरी परतलेले बहुसंख्य रुग्ण पुन्हा पिऊ लागतात, कारण जुनी वाट, जुने मित्र, जुनी भांडणे आणि जुनी दुःखे दाराशी उभीच असतात. म्हणून उपचारांचा दुसरा टप्पा मनाचा असतो. समुपदेशक रुग्णाशी बोलतो. तो रुग्णाला दरडावत नाही, त्याला उपदेशही करीत नाही. कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणत्या भावनेपोटी हात बाटलीकडे जातो, याचा शोध रुग्णाकडूनच घेतला जातो. आग्रह करणाऱ्या मित्राला नकार कसा द्यावा, पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी यावे, रिकामी संध्याकाळ कशी भरावी, यांसारख्या साध्या गोष्टींचा सराव केला जातो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत मोह अनावर होतो. म्हणून त्यांच्याविषयी विशेष सावध राहण्यास शिकविले जाते.

या टप्प्यात समदुःखी माणसांचा आधार मोलाचा ठरतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन या गावी एक शेअरदलाल व एक शल्यचिकित्सक यांची भेट झाली. दोघेही मद्यासक्त होते. एकमेकांशी मोकळेपणाने बोलल्याने न पिता राहता येते, असा अनुभव त्यांना आला. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. आज ती भारतासह जगभर पसरली आहे. तिच्या सभेत प्रवेशशुल्क नसते, सदस्यांची ओळख गुप्त राखली जाते आणि ‘पिणे थांबविण्याची इच्छा’ एवढीच सदस्यत्वाची अट असते. आयुष्यभर पिणार नाही, अशी प्रचंड प्रतिज्ञा तेथे कोणी करीत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ न पिण्याचा निश्चय केला जातो.

६. मुक्तांगण : एका प्रयोगाची कथा

१९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गर्दचे व्यसन वेगाने पसरले. सुशिक्षित घरांतील तरुण मुलेही त्यात सापडली. अनिल अवचट हे शिक्षणाने डॉक्टर आणि वृत्तीने पत्रकार. त्यांनी या मुलांना व त्यांच्या पालकांना भेटून गर्दच्या विळख्याविषयी लेखमाला लिहिली. पुढे ती ‘गर्द’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हे लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे हे दांपत्य अस्वस्थ झाले आणि व्यसनमुक्तीचे केंद्र सुरू करण्यासाठी त्यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या पुण्यातील येरवडा मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करीत होत्या. त्यांनी कंबर कसली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्या रुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

डॉ. अनिता अवचट यांनी औषधांइतकेच महत्त्व आपुलकीला दिले. व्यसनी माणसाला घरात व दारात सर्वत्र तिरस्कार मिळालेला असतो. त्याला ‘माणूस’ म्हणून वागविणे हाच तेथे उपचाराचा पहिला धडा ठरला. व्यायाम, योगासने, श्रमाची कामे, गटचर्चा, समुपदेशन यांनी दिवस आखलेला असे. व्यसनातून बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढे याच केंद्रात समुपदेशक म्हणून काम केले. ‘मीही याच खाटेवर होतो’ असे सांगणाऱ्या माणसाचे शब्द नव्या रुग्णाला जितके पटतात, तितके इतर कोणाचे पटत नाहीत. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट सुरू झाला, तर पुढील काळात व्यसनाधीन स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग उभा राहिला. १९९७ मध्ये कर्करोगाने डॉ. अनिता अवचट यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी या कार्याची धुरा सांभाळली. अनिल अवचट यांचे २०२२ मध्ये निधन झाले. ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात त्यांनी या प्रयोगाची हकीकत सांगितली आहे.

देशाच्या इतर भागांतही अशी केंद्रे उभी राहिली. चेन्नई येथे शांती रंगनाथन यांनी पतीच्या मद्यासक्तीचे व अकाली मृत्यूचे दुःख सोसले आणि १९८० मध्ये पतीच्या नावाने उपचारसंस्था स्थापन केली. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. आपल्या वाट्याला आलेले दुःख इतरांच्या वाट्याला येऊ नये, या भावनेतून झालेले हे कार्य आहे.

पाठगत प्रश्न २

(१) दारू एकाएकी बंद केल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कोणता धोका संभवतो?
(२) डायसल्फिराम हे औषध कोणत्या अटींवर उपयुक्त ठरते?
(३) मुक्तांगण केंद्राची स्थापना केव्हा व कोठे झाली?

७. कुटुंबाची भूमिका

एका माणसाच्या व्यसनाने सारे घर आजारी पडते. अब्रू राखण्यासाठी पत्नी कामाच्या ठिकाणी ‘त्यांना ताप आहे’ असा निरोप पाठविते. आई दागिना मोडून मुलाची उधारी फेडते. मुले शाळेतील मित्रांना घरी आणेनाशी होतात. प्रेमापोटी केलेल्या या गोष्टींचा परिणाम मात्र उलटा होतो. व्यसनावर पांघरूण घातले गेल्यामुळे त्याचे परिणाम रुग्णापर्यंत पोहोचतच नाहीत. आपले काही बिघडलेले नाही, या भ्रमात तो राहतो.

यावर उपाय कठोरपणाचा नाही, तसा लाडाचाही नाही. रुग्ण नशेत असताना वाद घालू नये. तो शुद्धीवर असताना, शांतपणे, घडलेल्या घटना सांगून उपचारांचा विषय काढावा. त्याची उधारी फेडणे व त्याच्यासाठी खोटे बोलणे थांबवावे. परंतु उपचारांसाठी बरोबर येण्याची तयारी सदैव दाखवावी. घरात मारहाण होत असेल, तर स्वतःची व मुलांची सुरक्षितता प्रथम पाहावी. अत्याचार सोसणे म्हणजे साथ देणे नव्हे. कुटुंबीयांनाही समुपदेशनाची गरज असते. रुग्ण उपचारांस तयार नसला, तरी पत्नी किंवा आई एकटीने जाऊन सल्ला घेऊ शकते. मद्यासक्तांच्या नातेवाइकांसाठी ‘अल-अॅनॉन’ ही संघटना १९५१ पासून काम करीत आहे.

८. पाय घसरला तर

उपचार घेऊन बाहेर पडलेल्या माणसाचा पाय पुन्हा घसरू शकतो. उच्च रक्तदाब किंवा दमा हे आजार जसे पुन्हा डोके वर काढतात, तसाच हा आजारही आहे. अशा वेळी ‘सगळे फुकट गेले’ असे म्हणून धीर सोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. दहा महिने न पिता काढलेले दिवस एका संध्याकाळी पुसले जात नाहीत. मात्र ‘एकदा झाले, आता पुढे पाहू’ असे म्हणून ते लपविणेही घातक असते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समुपदेशकाकडे जावे, औषधांचा फेरविचार करावा आणि कोणत्या क्षणी तोल गेला ते शोधावे. म्हणूनच उपचारकेंद्रातून घरी जाताना पुढील भेटींच्या तारखा ठरवून घेणे आणि त्या पाळणे अत्यंत आवश्यक असते. रोजगार, छंद आणि चांगली संगत यांमुळे मिळालेली मुक्ती टिकते. याच प्रक्रियेला पुनर्वसन म्हणतात.

९. उपचार कोठे मिळतात?

जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांतील मानसोपचार विभागात व्यसनमुक्तीचे उपचार मिळतात. केंद्र शासनाच्या साहाय्याने स्वयंसेवी संस्थाही पुनर्वसन केंद्रे चालवितात. व्यसनमुक्तीसंबंधी माहिती व सल्ला देणारा केंद्र शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १४४४६ हा आहे. मानसिक आरोग्याच्या कोणत्याही अडचणीसाठी १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

पोलीस पकडतील या भीतीने अमली पदार्थांचे रुग्ण अनेकदा रुग्णालयात जात नाहीत. या संदर्भात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ लक्षात ठेवण्यासारखे आहे. पदार्थाचे सेवन किंवा अल्प प्रमाणातील पदार्थ बाळगणे असा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर या कलमान्वये तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.

केंद्राची निवड करतानाही सावधगिरी बाळगावी. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसांना डांबून ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रेही आढळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णाला साखळदंडाने बांधणे निषिद्ध आहे, त्याला सन्मानाने वागविले जाण्याचा हक्क आहे आणि त्याच्या आजाराची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे. म्हणून केंद्र नोंदणीकृत आहे काय, तेथे डॉक्टर नियमित येतात काय, नातेवाइकांना भेटू दिले जाते काय आणि खर्चाची पावती मिळते काय, हे प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारावेत. नातेवाइकांना आत पाऊल टाकू न देणाऱ्या केंद्रात रुग्णाला ठेवू नये.

व्यसनमुक्तीची वाट लांब आहे. परंतु ती अज्ञात नाही. अनेकांनी ती चालून दाखविली आहे. तिच्या आरंभी रुग्णाचे एक वाक्य असते : ‘मला मदत हवी आहे.’ ते वाक्य उच्चारण्यास लागणारे धैर्य फार मोठे असते. ते ऐकणाऱ्याने त्या क्षणी मागचा हिशेब काढू नये. दवाखान्याची वेळ विचारून त्याच्याबरोबर निघावे.

पाठाचा सारांश

• व्यसनाधीनता हा उपचारसाध्य आजार आहे. उपचार स्वीकारणे ही रुग्णाची जबाबदारी आहे.
• निर्विषीकरण, मानसोपचार व पुनर्वसन हे उपचारांचे टप्पे होत.
• दीर्घकालीन मद्यासक्ताची दारू डॉक्टरांच्या देखरेखीविना एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.
• रुग्णाच्या नकळत औषध देऊ नये.
• पुन्हा घसरण झाली तरी उपचार थांबवू नयेत.
• रुग्णाला सन्मानाचा व गोपनीयतेचा हक्क आहे.

शब्दार्थ

अंमल – नशेचा प्रभाव
निर्विषीकरण – शरीरातील मादक द्रव्याचा परिणाम उतरविण्याची क्रिया
समुपदेशक – संवादातून मार्ग शोधण्यास मदत करणारा तज्ज्ञ
समदुःखी – सारखेच दुःख भोगणारा
दांपत्य – पतिपत्नींचे जोडपे
निःशुल्क – मोफत
निषिद्ध – मनाई असलेले

वाक्प्रचार

आहारी जाणे – अधीन होणे
जिवावर बेतणे – प्राणसंकट ओढवणे
कंबर कसणे – निश्चयाने कामास तयार होणे
धुरा सांभाळणे – जबाबदारी पेलणे
पांघरूण घालणे – दोष झाकणे

भाषाभ्यास

‘व्यसनमुक्ती’ या शब्दाचा विग्रह ‘व्यसनापासून मुक्ती’ असा होतो. विग्रह करताना येथे ‘पासून’ हा शब्द घ्यावा लागतो. अशा समासात दुसरे पद महत्त्वाचे असते. म्हणून हा तत्पुरुष समास होय. ‘पतिपत्नी’ या शब्दाचा विग्रह ‘पती आणि पत्नी’ असा होतो. येथे दोन्ही पदे सारख्याच महत्त्वाची असल्याने हा द्वंद्व समास होय.

‘मानसोपचार’ या शब्दात ‘मानस’ व ‘उपचार’ हे शब्द एकत्र आले आहेत. अ + उ = ओ असा बदल झाल्याने ही स्वरसंधी होय.

स्वाध्याय

(१) थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) व्यसनाधीनतेची तुलना मधुमेहाशी का केली आहे?
(आ) ‘फक्त आजचा दिवस’ या निश्चयाचे महत्त्व कोणते?
(इ) केंद्र निवडताना कोणते प्रश्न विचारावेत?

(२) सविस्तर उत्तर लिहा : प्रेमापोटी केलेली मदत व्यसन वाढविण्यास कारणीभूत कशी ठरते, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

(३) विग्रह करून समास ओळखा : व्यसनाधीन, आईबाप.

(४) संधी सोडवा : पुनर्वसन, व्यसनाधीन.

(५) पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : धीर सोडणे, पांघरूण घालणे.

(६) उपक्रम : आपल्या जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी उघडा असतो, याची माहिती मिळवा. ती एका कागदावर लिहून अभ्यासकेंद्राच्या फलकावर लावा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) दोन्ही मतांमुळे रुग्णाला उपचारांसाठी नेले जात नाही. (२) पदार्थ न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास थांबावा म्हणून तो पितो. (३) ३८.

पाठगत प्रश्न २ : (१) भ्रम, भान सुटणे व ताप ही लक्षणे असलेली प्राणघातक अवस्था. (२) प्रकृतीची तपासणी, परिणामांची पूर्ण माहिती व रुग्णाची स्वतःची संमती. (३) २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यातील येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात.